वाचनालयाची ओली भिंत

मिस्त्रींना त्या सकाळी बागेत कुणी बोलावलं नव्हतं. ते आपण होऊन निघाले, वर लेकीलाही ओढून नेलं. लेक पालिकेत इंजिनीअर. बागेतलं जुनं वाचनालय पाडायचं की ठेवायचं, याचा अहवाल तिला दुपारी द्यायचा होता, आणि तिने 'पाडावे' लिहूनही टाकलं होतं.

"बाबा, पाय उचला ना जरा! मला ऑफिस आहे."

"उचलतोय की. गुडघे काय तुझ्या ऑफिसला विचारून दुखतात?"

गुडघ्यांचं निमित्त हो! एक गोष्ट बोलायची होती आणि धीर होत नव्हता, म्हणून हा माणूस बागेला अख्खा वळसा घालत होता. फाटकाजवळची पहारेकऱ्याची खोली आली, तशी त्यांनी तिची कमान दाखवली. मधला दगड शेवटी बसवतात, मग खालचा लाकडी आधार काढतात, आणि गवंडी श्वास रोखून उभा राहतो. पुढे काचघर आलं, निम्म्या काचा फुटलेलं. मग बँडवाल्यांचा आठकोनी चौथरा. तिथे दोन म्हातारे एकाच वर्तमानपत्रासाठी भांडत होते. लेकीला हसू फुटलं.

"लहानपणी तुम्ही मला इथूनच न्यायचात. वाचनालयाची भिंत माझ्या बाबांनी नवी केलीय, असं मी शाळाभर सांगत फिरायचे."

झालं! नेमकं तेच निघालं. पण आता मागे फिरायचं नाही, हे मिस्त्रींनी पक्कं केलं.

वाचनालयाची उत्तरेची भिंत पुरुषभर उंचीपर्यंत काळीहिरवी पडली होती. गिलाव्याला फुगे आले होते. "बघा," लेक म्हणाली, "विटा कुजल्यात. उद्या कुणी खाली सापडलं तर सही माझी आहे."

मिस्त्रींनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

"अहो, काय करताय! सरकारी भिंत आहे!"

ऐकतात कसले! चार घावांत गिलाव्याचा पोपडा खाली आला. आतली वीट ओलीकच्च होती. त्यांनी तिच्यावर हातोडा मारला, तर टणकन आवाज आला.

"कुजलेली वीट अशी वाजते?"

"मग ही ओल?"

"जमिनीतून येते, पहिल्यापासून. जुना चुना ती बाहेर सोडायचा, वारा सुकवायचा. वरून सिमेंट थापलं आणि वाटच बंद झाली. बावीस वर्षं भिंत आतल्या आत ओली राहिली."

"पण सिमेंट तर..."

"मीच थापलं. चुना मुरायला महिना लागतो, सिमेंट दोन दिवसांत उरकतं. माझ्या उस्तादांनी बजावलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय नव्या काळाचं! नडला शहाणपणा."

"आणि हे आज सांगताय?" लेक कडाडली. "मी पाडायला निघाले होते, बाबा!"

"लाज वाटत होती गं. तू शाळाभर सांगितलेलंस ना."

तिने हातोडा घेऊन ती वीट स्वतः वाजवून पाहिली. मग म्हणाली, "एका विटेवर समिती ऐकायची नाही. बाकीची भिंत चांगली कशावरून, विचारतील."

"जुना चुना मी खरवडलाय. एकूण एक वीट पाहिलीय. सांगेन मी. लिही माझं नाव."

"नुसतं 'ठेकेदार' लिहिते ना. नाव कशाला?"

"मला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराने वीट बघितली होती का? माझंच लिही. मोठ्या अक्षरात लिही, समितीत सगळे चष्मेवाले असतात. नाही लिहिलंस तर मी स्वतः जाऊन उभा राहीन."

हट्टालाच पेटला हा माणूस! लेक अहवाल काढून पायरीवर बसली. 'पाडावे' वर तिने काट मारली आणि 'गिलावा काढून पुन्हा तपासावे' असं लिहिलं. नुकसानीचं कारण लिहिलं: चुकीचा गिलावा. तो कुणी केला, तिथे तिने बापाचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. मग खाली पूर्ण सही केली, आणि शाळेपासून तिच्या नावामागे लागलेलं तेच नाव कागदावर दुसऱ्यांदा आलं.