पावसाळ्यात मुका केलेला मोबाइल

शकिलाचा निकाह झाला, त्याच हिवाळ्यात मी वडशाला मन्सूरभाईंच्या घरी आलो. ते साल दोन हजार पाच. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच फुटलेली नाही, बटणे झिजलेली नाहीत, तरी आज मी टिनाच्या डब्यात पडलो आहे. वय झाले की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

कुठल्या कारखान्यात झालो ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते आदेशच्या दुकानातले काचेचे कपाट. त्या कपाटासमोर एक दिवस मन्सूरभाई आणि त्यांची बायको नाहीद येऊन उभे राहिले. मन्सूरभाई नाटकांचे कपडे शिवत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी गावोगाव नाटके होतात. त्यातला राजाचा झगा आणि फौजदाराचा डगला त्यांच्याच मशीनवर तयार होई. लेक शकिला लग्न होऊन मुलचेऱ्याकडे गेली होती. तिकडे पावसाळ्यात नाले चढले की रस्ता बंद. तिथल्या एसटीडीवरून तिला केव्हाही बापाशी बोलता यावे, एवढ्याचसाठी त्यांना मोबाइल हवा होता.

आदेशने तीन वाटा सांगितल्या. नवा फोन नगदी तीन हजारांना, वर महिन्याला शंभराचे कार्ड. वापरलेला फोन बाराशेला, पण त्याची बॅटरी दुपारीच मान टाकी. तिसरी वाट कंपनीच्या स्कीमची. आज फक्त पाचशे, मग तीन वर्षे दर महिन्याला चारशे, बोलण्याचे पैसे त्यातच. त्या स्कीमचा फोन म्हणजे मी. माझ्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नव्हते. हे आदेश बोलला नाही.

"पाचशे द्या न् खिशात टाका, मन्सूरभाऊ."

"न् बाकीचे तुये मामा भरतीन काय रे?" नाहीद म्हणाली.

घरी जाऊन तिने काय केले, ते मी पुढे तिच्याच तोंडून अनेकदा ऐकले. तिला लिहिता येत नव्हते. तिने चिंचोके काढले. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. नगदी फोनचा ढीग, तीन वर्षांच्या कार्डांसकट, एका सुपात मावला. वापरलेल्या फोनच्या ढिगात तिने नव्या बॅटरीचे चिंचोके टाकले आणि एक मूठ वर टाकली, तो बिघडेल म्हणून. स्कीमचे चिंचोके मात्र तिने ओळीने मांडले. ओळ मशीनखालून निघाली, चुलीला वळसा घालून उंबरठा ओलांडून अंगणात कोंबड्यांपर्यंत गेली.

"पाहा, तुमचा पाचशेचा फोन कुठी चालला!"

"निकाहात हात खाली झाला. आता एकदम तीन हजार आणू कुठून?"

"होळीले नाटकवाले हिशेब करतीन, तवा नगदी घ्या. थांबा थोडे."

"पोरगी जंगलात गेली न् मी थांबू?"

ते थांबले नाहीत. पण दुकानात जाऊन त्यांनी आदेशला एक अट घातली. नाटकाचा धंदा विसारावर चालतो. विसार घेतला, शब्द दिला, की बाकीचे होळीला. मधे कोणी कोणाच्या दारात जात नाही.

"पावसाळ्यात माह्याकडे काम नसते. ते हप्ते दिवाळी झाली का एकदम देईन," मन्सूरभाईंनी सांगितले.

"चालते ना भाऊ, तुमी आपलेच आहा."

त्यांनी सही केली. वडशात दिलेला शब्द पुरतो. कंपनीच्या कागदावर त्यातले एक अक्षर नव्हते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. नाहीदने राजाच्या झग्यातून उरलेल्या मखमलीची मला पिशवी शिवली. शेजारचे रामाजी मला बघायला आले आणि म्हणाले, "मन्सूरभाई, आता तो झगाबी तुमीच घालून घ्या!" दर जुम्म्याला मी वाजे. "अब्बा, जेवले काय?" असा शकिलाचा आवाज यायचा, आणि मन्सूरभाईंचे मशीन थांबायचे. पाऊस लागेपर्यंतचे हप्ते त्यांनी वेळेवर भरले.

मग पावसाळा आला. हप्ते थांबले. कंपनीने आधी माझे बोलणे बंद केले, मग ऑगस्टच्या तोंडावर ऐकणेही. मन्सूरभाई दुकानात गेले.

"माह्या हातात काई नाई भाऊ. कंप्युटर बंद करते."

"मंग त्याले सांग ना, दिवाळी झाली का भरतो!"

आदेश हसला. मित्रांनो, ते हसू मी विसरलेलो नाही.

ऑगस्टमध्ये शकिलाला ताप चढला. तिचा नवरा अकरम चिखल तुडवत एसटीडीवर गेला. गाडी घेऊन या, हिला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचे आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. तो माझा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. मी मखमलीत पडून होतो. बॅटरी भरलेली, टॉवरच्या सगळ्या कांड्या उभ्या. ज्या एका फोनसाठी मला घेतले होते, तो फोन आला आणि मला वाजू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी अकरमचा निरोप रामाजींच्या ओळखीच्या माणसाकडून वडशाला पोचला. मन्सूरभाई मिळेल त्या गाडीने निघाले, नाल्याशी अडले. पोचले तेव्हा शकिलाला मातीही देऊन झाली होती.

"मी केवढे फोन लावले, अब्बा. तुमी काऊन नाई उचलला?" अकरमने विचारले.

मी वाजलो असतो तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. पण बापाने तिचे तोंड पाहिले असते.

पुढे कंपनीचा वसुलीवाला दारात आला. नाहीदने चिंचोक्यांची पिशवी त्याच्या पायाशी उलटी केली.

"घे मोजून. मी तवाच मोजले होते."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, फोन घ्याल. आज किती द्यायचे, हे सगळेच विचारतात. ज्या महिन्यात घरात पैसा नसेल त्या महिन्यात काय होईल, हे विचारा. समोरचा हसून "चालते" म्हणाला, तर ते कागदावर लिहून मागा. लिहीत नसेल तर उठून या. आणि घरातली बाई चिंचोके मांडत असेल, तर ओळ कुठवर जाते ते शेवटपर्यंत बघा.

शकिला दोन हजार सहा सालच्या ऑगस्टमध्ये मुलचेऱ्याकडे मलेरियाने वारली. ती वीस वर्षांची होती.