पितरांची खरखर

“जगात चमत्कार नावाची वस्तू नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. ते दिसत नसेल तर दोष आपल्या डोळ्यांचा,” हे वाक्य सेतुमाधवराव तंजावूरच्या शाळेत बत्तीस वर्षं भौतिकशास्त्राबरोबर फुकट शिकवत आले होते. गुरुवारी चमत्कार बघायला कुलवृत्तांत समितीच्या खोलीत पन्नास माणसं कोंबली गेली, तेव्हा पहिल्या रांगेतली पंख्याखालची खुर्ची धरून हेच सेतुमाधवराव बसले होते. सकाळी साडेआठपासून.

समितीची खोली राजवाड्यामागच्या गल्लीत. इथल्या मराठी घराण्यांच्या वंशावळींचं जाडजूड पुस्तक काढायचं, तेही देवनागरीत, हे समितीचं ध्येय. गल्लीत देवनागरी वाचणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरत. पण ध्येयाला असल्या अडचणी नसतात. अध्यक्ष अनिरुद्धरावांचा बंगळूरचा पुतण्या रघुराम याने समितीच्या कॉम्प्युटरवर दोन बिऱ्हाडं थाटून दिली होती: पत्रव्यवहारासाठी विंडोज, पुस्तकासाठी लिनक्स. यंत्र सुरू केलं की पडदा आधी विचारी, दोघांपैकी कोण हवं? सेतुमाधवरावांची जुनी विद्यार्थिनी वाणी दोन वर्षं लिनक्समध्ये नावं टाइप करत होती. चार हजार पूर्वज पडद्यात जाऊन बसले होते.

मग एका सोमवारी पडद्याने विचारणंच सोडलं. सरळ विंडोज उघडलं. लिनक्स नाही, पुस्तक नाही, पणजोबा नाहीत.

कुणीतरी पापनाशमहून सूर्यनारायण स्वामींना आणलं. स्वामी पूर्वी कुंभकोणमला कॉम्प्युटरचे क्लास घेत, ही गोष्ट नंतर कळली. दार लावून ते तासभर यंत्राशी एकटेच बसले. बाहेर आले आणि म्हणाले, “पितरांनी नावं परत नेली. यंत्राला तीट्टू लागलाय. विटाळ. बाईचा हात.”

त्या खोलीत हात लावणारी बाई एकच. समितीचे चार वयोवृद्ध सभासद भिंतीवरचं कॅलेंडर काढून वाणीच्या तारखा मोजत बसले. एकाने चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. सेतुमाधवराव पाचवे सभासद. त्यांनी त्या वेळात छताच्या पंख्याचा सखोल अभ्यास केला. ठराव झाला: गुरुवारी स्वामींनी नावं परत आणली तर दोष सिद्ध, आणि वाणीला त्याच दिवशी निरोप.

म्हणून आज वाणी उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यायची तिला मनाई होती.

“सी-पी-यू,” स्वामींनी डबा थोपटला. “सी म्हणजे चित्, पी म्हणजे पितृ, यू म्हणजे उपासना. अमेरिकेला हे ठाऊक आहे. म्हणून ते बोलत नाहीत.”

लोकांना अमेरिकेचं हे वागणं पटलं.

विभूतीची थाळी, वर उपरण्याचा पदर. स्वामी मंत्र पुटपुटत वाकले, डब्याच्या तोंडाला विभूती फासली आणि बटण दाबलं. डब्यातून खर्र... खर्र... असा आवाज निघाला.

“ऐका. पितर घसा साफ करतायत.”

पडद्यावर आधी इंग्रजी ओळींचा पाऊस, मग स्वामींनी काही कळा दाबल्या आणि नावांची रांग उमटली. बायकांनी हात जोडले. कनकलतामामींच्या डोळ्यांना धार लागली. “माझे आजोबा आहेत का गं त्यात? मला ही लिपी येत नाही.”

कुणालाच येत नव्हती. शेवटी अनिरुद्धराव दाराकडे वळून म्हणाले, “वाणी, तिथूनच वाच. आत येऊ नको.”

वाणीने दहा फुटांवरून वाचलं. तिला दिसत नव्हतं, पाठ होतं.

“सिद्ध झालं,” अनिरुद्धरावांनी खिशातून निरोपाचं पत्र काढलं. “वाणी, सही कर.”

वाणीने पत्र घेतलं नाही. तिने पंख्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं. “सार, प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणून तुम्हीच शिकवलंत. मग ते कारण मी आहे का? तेवढं सांगा, मी जाते.”

पंधरा दिवस सेतुमाधवरावांच्या छातीवर जे बसून होतं, ते या प्रश्नाने उठून उभं राहिलं. त्याबरोबर तेही उठले.

“स्वामी, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. फक्त थाळी माझ्याकडे द्या.”

“मंत्राची गती मोडेल, सार.”

“मोडू दे.” त्यांनी डब्याच्या तोंडावरची विभूती पुसली आणि खालचं लहान बटण दाबलं. खट्. एक काळी फ्लॉपी बाहेर आली. वर रघुरामच्या अक्षरात लिहिलं होतं: लिनक्स सुरू करण्यासाठी. जपून ठेवणे.

“ही तर लिनक्सच्या सीडीच्या पाकिटात होती,” वाणी म्हणाली. “माझ्या ड्रॉवरमध्ये.”

फ्लॉपी बाहेर ठेवून यंत्र सुरू केलं: विंडोज. फ्लॉपी आत: खर्र, खर्र, पितर. बाहेर: विंडोज. तीनदा केलं. मंत्र एकदाही म्हटला नाही.

स्वामी डगमगले नाहीत. “पितरांना वाहन नको? गणपतीला उंदीर, मुरुगाला मोर, पितरांना फ्लॉपी.”

“ते बरोबर,” गर्दीतून आवाज आला. माना हलल्या.

“वाहनाचं राहू दे,” अनिरुद्धराव म्हणाले. “पण नावं मुळात गेली कशी? कुणाचा तरी दोष असणारच ना?”

“आहे,” सेतुमाधवराव म्हणाले. “माझा.”

ते खुर्च्यांकडे वळले, वर्गाकडे वळावं तसे.

“घर एक, त्यात दोन भाऊ, दार एकच. दारावरचा राखणदार विचारतो, कुणाला भेटायचंय? त्या रविवारी किल्ली माझ्याकडे होती. मी जुनं विंडोज होतं त्यावर नवं चढवलं. नवं आलं, त्याने राखणदार हाकलला आणि आपला बसवला. तो सांगतो, इथे आम्हीच राहतो. दुसऱ्या भावाच्या खोल्या, त्याचं सामान, सगळं जागच्या जागी आहे. फक्त दार दाखवणारं कुणी नाही. फ्लॉपी दार दाखवते. मला सोमवारीच कळलं होतं. मी बोललो नाही.”

“पण नवं विंडोज चढवलंच कशाला, सार?” वाणीने विचारलं.

बत्तीस वर्षांत वर्गाने विचारलेला हा सर्वांत अवघड प्रश्न होता.

“जातकं जुळवायची एक सीडी मिळाली होती. जुन्यावर चालेना. हरिप्रियाला... माझ्या मुलीला स्थळ आलंय. मला पटत नाही जातकं जुळवणं. पण म्हटलं, एकदा बघावं.” ते थांबले. “दहापैकी सात पोरुत्तम, म्हणजे गुण, जुळले.”



“यंत्राला बाईची पाळी कळत नाही,” ते पुढे म्हणाले. आवाज वर्गातला राहिला नव्हता. “काही बिघडलं, तर आधी विचारा, शेवटचा हात कुणाचा होता. पोरीच्या तारखा मोजू नका. आणि कुणी म्हणेल मी शिकलेला, मी असलं मानत नाही, तर त्याच्याही शब्दावर जाऊ नका. बंद करून, चालू करून, स्वतः बघा. एवढंच.”

वाणी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन रघुरामशी बोलून आली. उंबरा ओलांडून आत आली, खुर्चीवर बसली. कुणी अडवलं नाही. फ्लॉपीने लिनक्स उघडून तिने रघुरामने सांगितलेला एक शब्द टाइप केला, फ्लॉपी काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्याने विचारलं, कोण हवं?

स्वामी तोवर थाळी घेऊन बसस्टँडकडे निघाले होते. अनिरुद्धरावांनी निरोपाचं पत्र फाडलं नाही. कागद चांगला होता, घडी करून खिशात ठेवलं. लोक एकेक करून गेले. जाताना सेतुमाधवरावांना नमस्कार करावा की नाही, हे कुणालाच ठरवता आलं नाही.

वाणी मागे राहिली.

“सार, एक मागू?”

“माग,” ते म्हणाले. त्या क्षणी तिने काहीही मागितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं.

“ती सीडी दोन दिवस द्याल? मला पटत नाही. पण अम्मा म्हणते, एकदा बघावं.”