नळीच्या टोकाला

महत्त्वाचं काही सांगायचं असलं, की बाबा माझं तोंड नळीला लागायची वाट बघतात. ते बाकावर बसून लांब लोखंडी नळी सारखी फिरवत असतात. तिच्या एका टोकाला वितळलेली काच, दुसऱ्या टोकाला उकिडवी बसलेली मी. 'फुंक' म्हटलं की फुंकायचं, 'बास' म्हटलं की थांबायचं, पण तोंड काढायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना फुंकायला बंदी केल्यापासून श्वास माझा आणि नाव त्यांचं, असा आमचा कारभार आहे.

माझं कॉलेज सुटलं ते याच नळीवर. माझी खोली भट्टीच्या माळ्यावर हलली, तेही इथेच ठरलं. "तुला चालेल ना?" असं ते अगदी प्रेमाने विचारतात. गाल फुगवलेला माणूस काय कप्पाळ बोलणार! घरी विषय काढावा तर त्यांना झोप येते. आई म्हणते, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका."

या वेळी मात्र मी कंबर कसली होती. मैत्रिणीने दुसऱ्या शहरात भट्टी घेतली होती आणि अर्धी माझ्यासाठी राखली होती. तिथे बाकावर मी बसणार होते. आज संध्याकाळपर्यंत 'हो' कळवलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

सकाळी मोठी हिरवी फुलदाणी करायला घेतली. काच छान उतरत होती. ओल्या वर्तमानपत्राच्या घडीने तिला गोलाई देता देता बाबा म्हणाले, "फुंक. गॅलरीवाल्याला शब्द दिलाय मी. अजून तीन वर्षं आपण दोघं त्याच्यासाठीच काम करणार. चालेल ना?"

मी तोंड काढलं. "नाही चालणार, बाबा. मी जातेय."

नळी फिरायची थांबली नाही. काचेवरची नजर न काढता ते म्हणाले, "तोंड मोकळं असताना विचारलं तर तू नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर असं विचारतो."

मला आजवर वाटायचं, ते भोळेपणाने विचारतात. माझं डोकंच सणकलं. मी ताडकन उठले.

काच थंडावत चालली होती. बाबा उठले, ती भट्टीत तापवून आणली आणि उभ्यानेच नळी स्वतःच्या तोंडाला लावली. फुंकर निघाली ती खोकल्याची. दुसऱ्यांदा तीही निघेना. चेहरा काळानिळा पडला, पाय लटपटायला लागले, तरी नळी फिरवणारे हात थांबत नव्हते.

पडू दे, फुटू दे एकदाची, असं मला मनापासून वाटलं. दार चार पावलांवर होतं.

मी त्यांना धरून बाकावर बसवलं, समोर उकिडवी बसले आणि नळीला तोंड लावलं. ते 'फुंक' म्हणाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मैत्रिणीला आता काय सांगू? बाबांनी अडवलं, असंसुद्धा म्हणता येणार नाही.