पाटलांचा अंगठा

म्हाळसाबाईने अंगठा टेकवला आणि मशीन पहिल्याच झटक्याला टिंग वाजलं.

"झालं, आजी," सुप्रिया म्हणाली. आधार अपडेट करायच्या कॅम्पसाठी ती मशीन घेऊन ओतूरहून आणे गावच्या देवळात आली होती.

रांगेत मागे उभ्या हौशीराम पाटलांचा जळफळाट झाला. त्यातून त्यांचा अंगठा मशीनने पुन्हा पुन्हा नाकारला.

"उद्या अंगठा स्वच्छ धुऊन या, आबा."

मेंढरं वळणाऱ्या बाईचा अंगठा चालतो आणि आपला नाही! पाटलांनी उभी हयात गावची पोलीसपाटीलकी केली होती. 'सदर इसम माझ्या ओळखीचा आहे' असा त्यांचा दाखला घेतल्याशिवाय म्हाळसाबाईची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरत नसत. त्या दाखल्यासाठी ते तिला दुपारपर्यंत अंगणात बसवून ठेवत. खरं तर त्यांना ते आवडायचं.

म्हणून तर आधार पहिल्यांदा गावात आलं तेव्हा ग्रामसभेत ते तावातावाने उठले होते. "मानसाची वळख मानसानं सांगायची. बोटं छापून घ्यायला आमी काय चोर हाय?"

"तुमच्या अंगणात लई ऊन सोसलं, पाटील," म्हाळसाबाई म्हणाली होती. "आमाला कार्ड पायजे."

लोक हसले होते. तेव्हापासून पाटलांच्या दारात कोणी बसलं नाही, आणि या मशीनभोवती मात्र ही झुंबड. आपलीच माणसं त्याने पळवली, असं त्यांना वाटे.

घरी येऊन ते न्हाणीत बसले आणि टाचा घासायच्या वजरीने अंगठा घासू लागले. म्हाळसाबाईपेक्षा ठसा चांगला उठला पाहिजे. कातडी हुळहुळली तरी हात थांबेना.

दुसऱ्या दिवशी सुप्रियाने तो अंगठा उजेडात धरला. "आबा, काय केलं हे? रेघाच नाय राहिल्या. नवी कातडी आली की ओतूरला या. तोवर मशीनला तुमची ओळख पटायची नाय."

नवऱ्याला, नवसूला, घेऊन आलेली म्हाळसाबाई पुढे झाली. "अगं, पाटील हायेत ते आमचं. मी वळखते की."

"तुम्ही ओळखून कसं चालेल, आजी?" सुप्रिया हसली.

म्हाळसाबाईने कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं होतं, पाटलांना ताटकळत ठेवलं नव्हतं. मशीनचा हेवा करून झाला, तिच्या अंगठ्याचाही झाला. पण इतक्या सहज 'मी ओळखते' म्हणता येण्याचा हेवा त्यांना सर्वांत जास्त वाटला.

"बसा, पाटील," देवळाच्या पायरीवर सरकून जागा करत ती म्हणाली. "ऊन उतरलं की संगं जाऊ."

अंगठा मुठीत धरून ते तिच्या शेजारी बसले.