मास्तरांच्या तीन गोळ्या

"या तीन गोळ्या एकाच पेशंटला तुमच्यापैकी किती जण देता?"

पडद्याशेजारी उभ्या असलेल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि सभागृहात एकही हात वर झाला नाही.

त्या शांततेनेच मागच्या रांगेतल्या डॉक्टरांची डुलकी मोडली. वय अडुसष्ट, प्रॅक्टिस एक्केचाळीस वर्षांची. फॅमिली डॉक्टरांसाठी भरणाऱ्या या रविवारच्या व्याख्यानांना ते यायचे ते नोंदणी चालू राहावी म्हणून. सही ठोकायची, मागे बसायचं, जेवून घरी जायचं.

"रक्तदाबाची ही, लघवी वाढवणारी ही आणि गुडघेदुखीची ही," बाई सांगत होत्या. "एकेकटी बहुतेकांना चालून जाते. तिन्ही एकत्र आल्या की किडनीची कोंडी होते. त्यात म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, की किडनी बसलीच. अशा वेळी पहिल्या दोन जुलाब थांबेपर्यंत बंद ठेवा. तिसरी मुळात देऊच नका."

डॉक्टरांना त्यांचे ड्रिलमास्तर आठवले, तीन वर्षं या तिन्ही गोळ्या घेणारे.

गुरुवारी ऐन गर्दीत दवाखान्यात फोन आला होता. ड्रिलमास्तरांच्या बायकोचा. "ह्यांना कालपासून जुलाब होतायत हो." समोर माणसं खोळंबलेली. डॉक्टरांनी रिसीव्हर मानेत धरून दुसऱ्याच कुणाच्या औषधाची चिठ्ठी लिहीत सांगितलं होतं, "मीठ-साखरेचं पाणी देत राहा. आणि नेहमीच्या गोळ्या चुकवू नका म्हणावं."

ते उठले. शेजाऱ्याच्या गुडघ्यांना धडकत रांगेतून बाहेर पडले. "अहो, जेवण आहे ना!" कुणीतरी म्हणालं. त्यांनी ऐकलं नाही.

ड्रिलमास्तरांनी शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी चालताना हात तसेच हलायचे. सकाळी सातची गोळी म्हणजे सात, सातला पाच नाही. ऐकत नसलेल्या पेशंटला डॉक्टर त्यांचाच दाखला द्यायचे. "मास्तरांकडे बघा. तीन वर्षांत एक डोस चुकलेला नाही."

दार मास्तरीणबाईंनी उघडलं. "अगंबाई, तुम्ही? आज रविवारचे?"

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. चेहरा सुजलेला, डोळ्यांवर झापड. दर दोन श्वासांनी उचकी लागत होती. डॉक्टरांनी पायाच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला तो भरून येईना.

"मास्तर, लघवीला कधी गेला होतात?"

"काल... सकाळी असेल."

"आणि गोळ्या?"

"घेतल्या की." मास्तरांनी उचकी गिळली. "शुक्रवारी एक उलटून पडली. म्हणून ती परत घेतली."

 बाहेरच्या खोलीतल्या टेबलापाशी जाऊन डॉक्टरांनी अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगताना मजला चुकला, परत सांगितला.

हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट दुपारपर्यंत आला. किडनीचा आकडा नऊच्या वर. जिथे एक असायला हवा तिथे नऊ. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने औषधांचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"या तिन्ही एकत्र कुणी दिल्या हो?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

तरुण डॉक्टरने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मास्तरीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना प्रश्नही कळला नाही आणि उत्तरही. पण परगावाहून धावत आलेली त्यांची मुलगी दारातच थबकली. तिला दोन्ही कळली.

सोमवारी डॉक्टरांनी दवाखाना उघडला नाही. कंपाउंडरला बोलावून पेशंटांच्या कार्डांच्या पेट्या उपसायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत तसेच आणखी नऊ जण सापडले. फोन होते त्यांना फोन केले, उरलेल्यांच्या दारात ते स्वतः गेले. त्यांतला दूधवाला कानकोंडा होऊन म्हणाला, "डॉक्टर, रागावू नका, पण मी कुठे रोज घेतो? आठवण झाली की टाकतो एखादी."

"बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. दूधवाला बघतच राहिला. वाचले होते ते असलेच, ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं झापलं होतं. ज्याने त्यांचा शब्द न् शब्द पाळला तो तिकडे नळ्यांत गुंतून पडला होता.

घरी डॉक्टरी व्यवसायाची मासिकं यायची, ती कपाटावर रचून ठेवलेली असत. बरीचशी पाकिटं न फोडलेली. डॉक्टरांनी खाली बसून ती फोडायला सुरुवात केली. चौथ्याच पाकिटात तो लेख निघाला. दोन वर्षांपूर्वीचा. पानभर, आणि वर त्याच तीन गोळ्यांचं चित्र.

मास्तरांची किडनी पुन्हा चालू झाली नाही. तीन वर्षांत आतून आधीच वाळत आली होती, जुलाबांनी शेवटचा धक्का दिला. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यायचं, असं ठरलं. डॉक्टर प्रत्येक वेळी जायचे. पंधरवड्याने एकदा खोलीत दोघंच असताना त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"मास्तर, हे दुखणं तुमचं नाही. माझ्या गोळ्यांनी झालंय."

मास्तर छताकडे बघत होते. यंत्र घरघरत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण असायला हवं होतं. छापून आलं होतं, घरी येऊन पडलं होतं. मी पाकीटच फोडलं नाही."

 मग मास्तर म्हणाले, "शाळेत रांग चुकवली की मी पोरांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचो." डॉक्टरांकडे मान वळवून म्हणाले, "तुम्हाला काय सांगू? तुमचं वय झालंय."

डॉक्टरांना वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. कूस बदलायला त्यांना डॉक्टरांचा हात लागला, तो त्यांनी घेतला आणि लगेच सोडला. माफ केलं असं ते तेव्हा म्हणाले नाहीत, पुढेही कधी म्हणाले नाहीत.

सातव्या आठवड्यात रक्त धुण्यासाठी मानेत घातलेल्या नळीतून जंतू शिरले आणि तीन दिवसांत मास्तर गेले. स्मशानात डॉक्टर मागे उभे राहिले. मुलीने त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

महिन्याभराने ती दवाखान्यात आली. नंबर न लावता सरळ आत.

"आईचं कार्ड द्या. तिला मी माझ्याकडे नेतेय. तिकडच्या डॉक्टरांना दाखवीन."

"हो. बसा."

"नको. उभीच बरी आहे."

कार्डावर पंधरा वर्षांचं त्यांचं गिचमीड अक्षर होतं, कंपाउंडरशिवाय कुणाला न लागणारं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं आणि कोरा कागद ओढला. मास्तरीणबाईंचं वय, साखर, रक्तदाब, कुठली गोळी कशासाठी, कधीपासून. प्रत्येक अक्षर सुटं काढून, बालवाडीतल्या पोरासारखं. बाहेर पेशंट खाकरत होते. कंपाउंडरने दोनदा दार ढकलून पाहिलं. एक आकडा वाकडा आला तेव्हा त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला. शेवटी एक ओळ लिहिली: रक्तदाबाच्या गोळीबरोबर गुडघेदुखीची गोळी देऊ नये. यांचे पती त्या गोळीने गेले, दिली होती मी. खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सही.

मुलीने कागद हातात घेतला आणि तिथेच उभ्याने सगळा वाचला. शेवटच्या ओळीशी ती थांबली. मग कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ती निघाली. जाताना दार तिने आपटलं नाही, हाताने धरून हळूच लावलं.

डॉक्टरांनी बेल दाबली. पुढचा पेशंट आत आला आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"आधी मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "सध्या कुठल्या कुठल्या गोळ्या घेताय? सगळ्या काढून इथे टेबलावर ठेवा."