चंपाबाईंचे विरजण

मी एक जुने विरजण आहे. हसू नका, मित्रांनो. विरजण म्हणजे कालचे उरलेले चमचाभर दही, ते जुने कसे असेल, असे तुम्हाला वाटेल. पण मी रोज संध्याकाळी कोमट दुधात विरघळून जातो आणि सकाळी त्याच दुधाचे दही होऊन उठतो. त्यातला एक चमचा कोणीतरी बाजूला काढते, तो पुन्हा मीच. असे करता करता माझे वय तुमच्या आजोबांच्या पुढे गेले. दिसतो मात्र कालचाच.

कोणाचा उत्साह मावळला की माणसे 'विरजण पडले' म्हणतात. याचे मला फार वाईट वाटते. विरजण पडल्याने दुधाचे काय वाईट होते, ते मला एकदा कोणीतरी समजावून सांगावे. असो.

मला पुण्यात आणले ते चंपाबाईंनी. नवऱ्यापाठोपाठ साताऱ्याकडच्या गावाहून निघाल्या तेव्हा त्यांच्या पायाशी एक ट्रंक होती आणि मांडीवर घट्ट झाकणाचा छोटा डबा. एसटीने असे हेलकावे दिले की डब्यातच माझे ताक व्हायचे तेवढे राहिले. विश्रांतवाडीत दोन खोल्या मिळाल्या, स्टोव्हवर पहिले दूध तापले आणि मी पुणेकर झालो.

चंपाबाईंचा एक नियम होता. "आधी उद्याचं, मग आजचं," त्या म्हणत. घरात कोणी दही वाढून घेण्याआधी माझी वाटी भरून फडताळात जाई. बुद्धपौर्णिमेला घर पाहुण्यांनी भरून जाई, दही कमी पडे, तरी त्या वाटीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यांचा मुलगा संभाजी लहानपणी त्या वाटीसाठी हटून बसायचा आणि पाठीत धपाटा खायचा. पुढे त्याचे लग्न झाले, शर्मिला सून म्हणून आली आणि चंपाबाईंनी दुसऱ्याच दिवशी मला तिच्या ताब्यात दिले. दागिन्यांच्या वेळी केल्या नव्हत्या एवढ्या सूचना त्यांनी माझ्या वेळी केल्या.

चंपाबाई गेल्या त्या दिवशी घरात जेवण शिजले नाही. शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी आणून दिली. संध्याकाळी शर्मिलाने पेलाभर दूध गरम केले आणि मला त्यात सोडले. "घरात एवढं झालंय आणि हिला दह्याचं पडलंय," एक नातेवाईक कुजबुजली. शर्मिलाने ऐकले, डोळे पुसले आणि पातेल्यावर झाकण ठेवले. मित्रांनो, त्या रात्री मी जसा लागलो तसा पुन्हा कधी लागलो नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर कुसुमताई आणि त्यांचे यजमान श्यामराव राहत. श्यामराव शाळेत मास्तर होते. दोघे मूळचे पेठेतले, जागा पुरेना म्हणून चंपाबाई असतानाच इकडे आलेले. कुसुमताई वाईट नव्हत्या, पण आमच्याकडे आल्या की उंबऱ्याबाहेरून बोलत. शर्मिलाने चहा विचारला की त्यांचा चहा नुकताच झालेला असे. चार वर्षे तो नुकताच होत होता. का, ते शर्मिलाला नेमके ठाऊक होते. ती बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

मग एका उन्हाळ्यात श्यामरावांचे पोट बिघडले. डॉक्टरांनी ताकावर राहायला सांगितले आणि नेमके कुसुमताईंचे दही नासले. भर दुपारी त्या वाटी घेऊन खाली आल्या.

"जरा विरजण देतेस का गं? बाजारचं यांना सोसत नाही."

शर्मिलाने वाटी काठोकाठ भरून दिली. तेव्हापासून मी एकाच वेळी दोन घरांत राहू लागलो. वर माझे कौतुक पुष्कळ झाले, फक्त माझे कूळ बदलले. पाहुण्यांनी दह्याची तारीफ केली की कुसुमताई सांगत, "आमच्या सासूबाईंच्या वेळचं विरजण आहे हे." मी चिनी मातीच्या सटात बसून निमूट ऐकत असे. विरजणाला कसला आलाय मानापमान, असे तुम्ही म्हणाल. पण मला लागायचे ते लागायचेच.

पुढे नव्वदीची ती वर्षे आली. देशाची दारे उघडली असे रेडिओवर सांगत होते. संभाजीच्या कारखान्याचे दार मात्र बंद झाले. हातात थोडे पैसे ठेवून आणि गळ्यात हार घालून त्याला घरी पाठवले. तो खचला. मग एका हॉलमध्ये कोट घातलेल्या कोणा गृहस्थांचे 'यशाचे शिबिर' होते, तिथे जाऊन आला आणि एकदम पेटलाच. आरशावर कागद चिकटवला: पाच वर्षांत दहा दुकाने.

"शर्मिला, स्वप्न मोठंच बघायचं असतं."

"बघा की. पण आधी तेवढं दूध गाळून द्या."

शर्मिलाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दही विकायला सुरुवात केली होती. चार-पाच गाडगी, बस. कुसुमताईंनी जिन्यातूनच मत दिले. "दही विकणार? पुण्यात? अगं, इथे लोक शेजारणीकडून एकदा विरजण नेतात आणि जन्मभर घरीच लावतात."

"माहितेय की, काकू," शर्मिला गोड हसून म्हणाली. कुसुमताई घाईघाईने जिना चढून गेल्या.

शर्मिलाची रीत साधी होती. आठवडाभर सगळी गाडगी रोज रिकामी झाली, तरच एक गाडगे वाढवायचे. तिला ताप आला तर ती दही कमी लावी, पण लावी. दही जरा जास्त आंबले तर ती गिऱ्हाइकाला आधीच सांगे, आज कढी करा. संभाजीला ही गोगलगायीची चाल सोसत नसे. तो कर्ज काढायच्या गोष्टी करी, आणि ती त्याला दूध आणायला पिटाळी. अशी वर्षे गेली. खिडकीसमोर रांग लागू लागली. दारात जुना तीनचाकी टेम्पो आला. माझी वाटी जाऊन मला झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. आरशावरचा कागद पिवळा पडून एक दिवस गळून गेला, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

शर्मिलाचे स्वप्न एकच होते. आळंदी रोडवर रावसाहेबांचा एक गाळा रिकामा होता. तिथे स्वतःची डेअरी थाटायची आणि झोपायच्या खोलीतून दुधाचे कॅन हलवायचे. पण गाळ्याचे भाडे खिडकीतल्या विक्रीवर झेपणारे नव्हते. त्याला रोजची, बांधलेली मागणी हवी होती.

ती आली हिंजवडीहून. तिकडे शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीत वैजनाथ कँटीन चालवत होता. राहायला तो आमच्याच भागात, खिडकीवरचे नेहमीचे गिऱ्हाईक.

"वहिनी, हा आठवडा रोज दही द्या. चव एकसारखी राहिली तर ऑर्डर कायमची. एक दिवस जरी फिरली ना, तर आमची पोरं तोंडानं बोलत नाहीत हो, सरळ मेल टाकतात वर!"

डिसेंबरची थंडी होती. पहिले काही दिवस मी झकास लागलो, सुरी फिरवावी असा. गुरुवारी सकाळी शर्मिला रावसाहेबांकडे गाळ्याचे बोलायला गेली आणि मागे वैजनाथचा फोन आला. पाहुणे आलेत, दही जरा जास्त पाठवा. संभाजीने घरातले सगळे दही कॅनमध्ये ओतले. तरी कॅन भरेना. मग त्याची नजर फडताळातल्या डब्यावर गेली. लहानपणचा धपाटा त्याला त्या घाईत आठवला नाही.

मित्रांनो, माझा डबा त्याने निपटून काढला.

हिंजवडीच्या रस्त्यावरच्या गर्दीतून तो परत आला तेव्हा उन्हे कलली होती. दूध तापून पातेल्यांत निवत होते. "एक थेंब उरला नाही!" तो दारातूनच ओरडला. "आणि बघ, जायच्या आधी भांडीसुद्धा घासून गेलो होतो."

शर्मिलाने वळून पाहिले. माझा डबा मांडणीत पालथा, लख्ख. तिने तो उचलून आत बोट फिरवले. संभाजीला आता कळले.

"दुकानातून दही आणतो. त्यावर लागेल."

"ते आपलं नाही."

"मग मिरचीचे देठ टाकून? आई सांगायची, तसंही लागतं."

"लागतं. पण ते पहिल्या दिवसाचं दही. त्याला आईंच्या दह्याची चव यायला किती दिवस लागतील? आणि उद्या सकाळी काय देऊ?"

तिचे खरे होते. इतक्या वर्षांत रोज चमचाचमचाने जे झाले होते, ते एका रात्रीत करून द्यायची कोणाची ताकद नव्हती. खाली मी संपलो होतो. पण वर होतो. सटात बसून सगळे ऐकत होतो, आणि मला हाका मारता येत नव्हत्या.

शर्मिलालाही ते सुचले. रिकामी वाटी घेऊन ती जिना चढली. वर पोहोचेपर्यंत कुसुमताईंनी देवापाशी दिवा लावला होता.

"काकू, विरजण हवं होतं. घरातलं सगळं संपलं. उद्याची ऑर्डर आहे."

कुसुमताईंनी दिव्याकडे पाहिले, वाटीकडे पाहिले. "दिवे लागल्यावर विरजण मी कुणाला देत नाही. सासूबाईंनी कधी दिलं नाही, मीही देणार नाही."

शर्मिलाच्या डोळ्यांपुढे तो चार वर्षांचा चहा उभा राहिला असणार. "बरं," एवढेच म्हणून ती वळली.

"अगं, निघालीस कुठे? देणार नाही म्हटलं, विरजणार नाही म्हटलं का मी? दूध वर आण!"

मग जिन्यात जी धांदल उडाली! संभाजी एकेक पातेले छातीशी धरून वर आणू लागला. श्यामराव दार धरून उभे राहिले. "निवृत्तीनंतर काय करायचं याचा विचार चाललाच होता. डेअरी, हे काही सुचलं नव्हतं." शर्मिला पहिले पातेले घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली. इतक्या वर्षांत ती बाहेरच्या खोलीपलीकडे गेली नव्हती.

कुसुमताई पदर खोचून ओट्याशी उभ्या होत्या. "उंबऱ्यात काय उभी राहिलीस? एवढी पातेली मी एकटी उचलू का?"

शर्मिला आत गेली.

कुसुमताईंनी दुधात बोट बुडवून पाहिले, थंड झालेले पातेले पुन्हा जरा शेकले. मग सट काढला. पण दुधात दही सोडण्याआधी त्यांनी एक चमचा दही वाटीत काढून फडताळात ठेवले.

"आधी उद्याचं?" शर्मिलाने हळूच विचारले.

"तुझ्या सासूनंच सांगितलं होतं, जिन्यात. मी मान हलवली नव्हती, पण ऐकलं होतं."

एका पातेल्यावर झाकण पुरेना, ऊबही हवी होती. श्यामरावांनी कपाटातून सत्कारात मिळालेली शाल काढून दिली. तिचा तो पहिलाच उपयोग. "काय हो, एवढं जपताय त्या दह्याला," ते म्हणाले. "आपल्या आईच्या वेळचं ना हे?"

कुसुमताईंचा हात क्षणभर थांबला. "नाही," त्या म्हणाल्या. "चंपाबाईंचं आहे. मी नुसतं सांभाळलं."

मित्रांनो, दह्याला रडता येत नाही. सकाळी पातेल्यांत कडेला थोडे पाणी सुटलेले दिसले, त्याचा अर्थ कोणी काहीही लावो. चव मात्र तीच होती. वैजनाथला तर काही कळलेच नाही, आणि वर मेलही गेली नाही.

गाळा मिळाला. पाटीवर नाव आहे 'चंपा डेअरी'. रोज सकाळी पहिला डबा माझा भरतो, आणि तो भरायचे काम आता संभाजीकडे आहे. कुसुमताई भाजी आणायला निघाल्या की तिथे टेकतात आणि पेलाभर ताक पितात. चहा नुकताच झालेला असला तरी.

माझे सांगणे एवढेच. काम कितीही मोठे असो, आजचे सगळे आजच निपटू नका. उद्यासाठी रोज थोडे बाजूला काढा, आणि तेही आधी. कोणी वाटी घेऊन दारात आले तर भरून द्या, कारण आपल्याकडचे कधी संपेल हे सांगता येत नाही. आणि कोणाकडून आणले, ते नाव तेवढे विसरू नका.

तुम्हाला हवा असेन तर मी तुमच्याही घरी येईन. दिवे लागायच्या आत या. उशीर झालाच, तर दूध घेऊन या.