दीड मीटर

टपालवालीची परीक्षा सव्वादहाला होती आणि धाकटी बहीण साडेनवापासून तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेत होती.

"ताई, परीक्षक 'पुढे काढा' म्हणाला की गाडी पुढं काढायची. आरसा बघायचा, मान वळवायची, काढायची. डोकं लावायचं नाही."

"मग डोकं काय घरी ठेवून यायला हवं होतं?"

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. माझ्याकडे दे, मी सांभाळते."

परवाना कार्यालयाच्या आवारात दोघी गाडीत बसल्या होत्या. गाडी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बहिणीची होती, आता टपालवालीची. बुटाच्या खोक्याएवढी. चालकाचं दार लावताना जरा वर उचलावं लागे, नाहीतर ते लागल्यासारखं दिसे पण लागत नसे. टपालवालीनं ती काही हौसेनं घेतली नव्हती. बावीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं होतं. हळूहळू पत्रं कमी झाली, खोकी वाढली, आणि मग वरून फतवा आला: एक तारखेपासून सायकली बंद. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आणि परवाना, त्याची फेरी चालू राहील. बाकीच्यांनी आत वर्गवारीच्या टेबलावर बसायचं. वर्गवारीची खोली तळघरात होती. तिथल्या माणसांना बाहेर ऊन आहे की पाऊस, हे पिशव्या ओल्या आहेत की कोरड्या यावरून कळे. टपालवालीला चारशे साठ दारं पाठ होती. कुठल्या फाटकाची कडी उलटी आहे, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, कुठल्या आजोबांना दारापर्यंत यायला दोन मिनिटं लागतात, सगळं. ही दारं सोडून तळघरात बसायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं स्वतःलाच पाकिटात घालून वरून डिंक लावण्यासारखं होतं.

आज एकोणतीस तारीख होती. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा तिनं मागं घेताना खांबाला मुका दिला होता, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. दुसऱ्यांदा मात्र एका सायकलवाल्याच्या मागं ती सबंध गल्ली संपेपर्यंत राहिली आणि परीक्षकानं कागदावर फुली मारली: वाहतुकीला अडथळा, गंभीर चूक, नापास.

परीक्षक आजही तोच होता. कार्यालयात त्याला सगळे काटकोन म्हणत. तो गाडीत असा बसे की पाठ आणि मांड्या यांच्यात बरोबर नव्वद अंश होत. मतांचंही तेच, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही.

"निघा," तो म्हणाला.

निघाली. चौक, वळण, चढ. चढावर गाडी तसूभरही मागं सरकली नाही, तेव्हा आवारातल्या बाकावर बसलेल्या बहिणीला हे दिसत नाहीये याचं तिला वाईट वाटलं. मग काटकोनानं हात केला आणि गाडी अशा रस्त्याला लागली जो तिच्याच फेरीत होता. झाली पंचाईत. तेवीस नंबरच्या फाटकापाशी तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"इथं हळू का झालात?"

"सवय. इथं रोज थांबते."

"आज टपाल नाहीये." त्यानं कागदावर साध्या चुकीची एक खूण केली.

"नशीब थांबून फाटक नाही वाजवलं," ती म्हणाली. काटकोन हसला नाही.

पुढच्या गल्लीत एका बाजूला गाड्यांची रांग उभी होती आणि रांगेच्या कडेनं एक रंगारी सायकलवरून चालला होता. मुठीला रंगाची बादली बाहेरच्या बाजूनं लटकवलेली, मागच्या कॅरियरवर ब्रशांची गुंडाळी. निवांत नव्हता तो, चांगला दम लावून पायडल मारत होता. पण सायकल ती सायकल. टपालवालीनं दुसऱ्या गिअरमध्ये गाडी त्याच्या मागं ठेवली.

मागून एक हॉर्न आला. मग दुसरा.

"पुढे काढा," काटकोन म्हणाला.

आरसा बघायचा, मान वळवायची, काढायची. तिला बहिणीचा आवाज ऐकू आला. तळघरातली ट्यूबलाइटही दिसली. पण समोर बादली हलत होती, आणि बावीस वर्षांत कोपराला घासून गेलेल्या प्रत्येक आरशाची तिच्या कोपराला आठवण होती.

"जागा नाही," ती म्हणाली.

"मी परीक्षक आहे. मी सांगतोय, काढा."

"तुम्ही सांगताय ते ऐकलं मी. नाही काढणार."

गल्ली संपली. रंगारी उजव्या हाताच्या दुसऱ्या घरापाशी उतरला, त्याला तिथंच काम होतं. मागच्या दोन गाड्या भुर्रकन गेल्या, जाता जाता एकीतून काहीतरी शेलकं ऐकू आलं. काटकोनानं कडेला थांबायला सांगितलं आणि टोपण काढून ठेवलेलं पेन कागदावर टेकवलं.

"मागच्या वेळचीच चूक. काय बाई, पालथ्या घड्यावर पाणी. वाहतुकीला अडथळा. गंभीर."

"शब्दांत लिहा."

"म्हणजे?"

"नुसती फुली नको. खाली शेऱ्याचा रकाना आहे, त्यात लिहा. परीक्षकानं काढायला सांगितली, उमेदवारानं काढली नाही, तेव्हा सायकल आणि गाडी यांच्यात जागा इतकी होती. खाली सही करा."

"असं कुणी लिहीत नाही."

"आमच्याकडे रजिस्टर पत्र द्यायचं तर सही घेतल्याशिवाय बोटं सुटत नाहीत. माझी आज सुटणार नाहीत." तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत धरली.

"अहो, मला पुढचे उमेदवार आहेत!"

"म्हणूनच पटकन लिहा."

काटकोनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण तो व्यवस्थित माणूस होता आणि शेऱ्याचा रकाना खरोखरच होता. तो लिहू लागला. 'परीक्षकाने पुढे काढण्यास सांगितले असता उमेदवाराने नकार दिला. उपलब्ध अंतर...' इथं पेन थांबलं.

"किती?" टपालवालीनं विचारलं.

"पुरेसं होतं."

"पुरेसं हा आकडा नाही. नियमांच्या पुस्तकात सायकलपासून दीड मीटर आहे. मी तीनदा वाचलंय, फी भरून."

काटकोनानं पिशवीतून पार्किंगचं अंतर मोजायची फीत काढली. कदाचित तिचं तोंड बंद करायला, कदाचित आकड्याशिवाय वाक्य अर्धं राहिलेलं त्यालाच सोसवेना. दोघं उतरली. तिनं दार उचलून लावलं.

रंगारी बादलीत काठी फिरवत होता.

"दादा, जरा सायकलवर बसता का परत?" टपालवाली म्हणाली. "मागं गल्लीत, त्या गाड्यांच्या रांगेपाशी, मघाशी होतात तसे."

रंगाऱ्यानं काटकोनाच्या गणवेशाकडे बघितलं. "माझं काय चुकलं साहेब?"

"तुझं काही नाही," काटकोन म्हणाला. "बस."

फीत रस्त्यावर पसरली. रस्ता सहा मीटर दहा. उभ्या गाड्यांनी खाल्लेला एक पंच्याण्णव. गाड्यांच्या रांगेपासून बादलीच्या बाहेरच्या काठापर्यंत एक तीस.

"यानं आणखी आत चालवायला हवी," काटकोन वाकल्या वाकल्या म्हणाला.

"आत?" रंगाऱ्यानं ओठ वर करून दोन दातांची रिकामी जागा दाखवली. "हे आतच गेले साहेब. उभ्या गाडीचं दार उघडलं फाडकन. डॉक्टर म्हणाला, दात गेले ते बरं, डोळा राहिला. तेव्हापासून मी दाराच्या टप्प्याबाहेर."

आरशांसकट टपालवालीच्या गाडीची रुंदी काटकोनानं स्वतः मोजली: एक सत्तर. मग कागदाच्या मागं वजाबाकी केली.

"एक मीटर पंधरा," तो म्हणाला.

"तेही माझी चाकं पलीकडच्या कट्ट्याला घासून नेली तर. आणि बादली स्थिर राहिली तर."

"मागं वाहनं होती. हॉर्न वाजत होते."

"हॉर्ननं रस्ता रुंद होतो का? होत असेल तर तेही मोजू."

रंगारी खो खो हसला आणि मग काटकोनाकडे बघून गप्प झाला.

"साहेब," टपालवालीनं आवाज खाली आणला, "नापास करायचं तर खुशाल करा. एक तारखेला मला तळघरात बसवतील, बसेन. पण त्या कागदावर एक मीटर पंधरा लिहा, वर तुमचा 'पुढे काढा' लिहा आणि खाली सही करा. मग कुणीही वाचू दे, चूक कुणाची ते."

काटकोन सरळ उभा राहिला. त्याच्या हातात पेन होतं आणि त्याला, बहुधा बऱ्याच वर्षांनी, काय लिहावं ते समजत नव्हतं. आकडा खोटा लिहिणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. खरा लिहिला तर त्याचा स्वतःचाच हुकूम पुस्तकाविरुद्ध जात होता. शेवटी त्यानं कागद गाडीच्या टपावर ठेवला, आणि आकडा लिहिला. खरा. मग गंभीर चुकीची फुली खोडली, खोडल्याच्या शेजारी सही केली, आणि खाली आणखी एक.

"साधी चूक एक," तो म्हणाला. "उत्तीर्ण."

टपालवालीनं टपावरचा कागद उचलला आणि दार उघडलं.

"मागच्या महिन्याचा निकाल बदलता येणार नाही," तो गाडीत बसत पुढे म्हणाला. पाठ पुन्हा नव्वद अंशांत.

"मी मागितला नाही. पण पुढच्या माणसाला सांगताना मोजून सांगा."

आवारात बहीण बाकावरून उठूनच उभी होती. "पंचवीस मिनिटं उशीर! कुणाला ठोकलंस?"

"कुणाला नाही."

"काढलीस ना पुढं?"

"नाही."

"ताई!" बहीण मटकन खाली बसली. टपालवालीनं तिच्या मांडीवर कागद ठेवला. बहिणीनं तो दोनदा वाचला, मग उलटून मागची वजाबाकी वाचली. "हे काय, वजाबाकी करून पास झालीस?"

"तुझ्याकडे डोकं दिलं असतं तर कशी केली असती?"

एक तारखेला सकाळी नऊ वाजता टपालवाली खोकी भरलेली गाडी घेऊन फेरीवर निघाली. तळघराकडे जाणाऱ्या जिन्यावर तिचे तीन सोबती उतरताना तिनं पाहिले. तिघांकडेही गाडी नव्हती. त्यातल्या एकानं हात हलवला, बाकीच्यांनी नाही. तिला ते बराच वेळ टोचत राहिलं. महिनाअखेरीला वरिष्ठांकडे अर्ज द्यायचा, हे तिनं पहिल्या सिग्नललाच ठरवलं: हलक्या टपालाला सायकली परत सुरू करा म्हणून. त्यावरही पोच घ्यायची.

अरुंद रस्त्यावर एक बाई मागच्या आसनावर लेकीला बसवून सायकल चालवत होती. टपालवाली तिच्या मागं राहिली. तिच्या मागं एक, मग तीन, मग पाच गाड्या. चौकात रस्ता रुंदावला तेव्हा मागचा तरुण शेजारी आला आणि काच खाली करून ओरडला, "ओ मावशी, गाडी चालवताय की ढकलताय?"

"चालवतेय. तुला घाई असेल तर उतर आणि पळत जा."

"त्या सायकलवाल्या बाई काय तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

"नाहीत. पण चिरडल्या असत्या तर जन्मभर झाल्या असत्या."

दिवा हिरवा झाला. पुढचा रस्ता पुन्हा अरुंद होता, सायकल पुन्हा पुढं होती, मागं पुन्हा हॉर्न सुरू झाले. टपालवालीनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि तिथंच ठेवली.